शीतगृहातील तापमान-नोंदक : फ्लॅश चिपच्या कमांड आणि सेक्टर-संरक्षण यांच्या प्रकल्प नोंदी

या नोंदींत कमांड, पत्ते आणि रजिस्टरमधील किमती हेक्स पद्धतीने (सोळाच्या पायावर, ० ते ९ आणि ए ते एफ) दिल्या आहेत. फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणारी मेमरी, आणि आमची चिप विनबाँड कंपनीची डब्ल्यू२५क्यू१२८जेव्ही आहे. तिची क्षमता १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट आहे. तिच्यात २५६ बाइटचे एक पेज असते, मिटवण्याचे सर्वांत लहान एकक ४ किलोबाइटचा सेक्टर असते, आणि मायक्रोकंट्रोलरशी, म्हणजे बोर्डवरच्या छोट्या संगणकाशी, ती एसपीआय या चार तारांच्या जोडणीवर बोलते.

१२ फेब्रुवारी २०२४

निफाड तालुक्यातील एका शीतगृहात आमचा तापमान-नोंदक डिसेंबरपासून बसवलेला आहे. सकाळी तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, रात्री लाइट तीन-चार वेळा गेली-आली. पहाटेपासून सगळ्या खोल्यांचं तापमान जास्त दिसतंय, कुठे एक डिग्री, कुठे दीड. मशीन वाढवू का?" मशीनला हात लावू नका, हातातल्या थर्मामीटरने प्रत्येक खोली तपासा आणि तोच आकडा खरा धरा, असे त्यांना सांगितले. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवलेली असतात. नोंदक जास्त दाखवतो म्हणून थंडावा वाढवला, तर मणी गोठतात आणि खोलीभर माल हातचा जातो. त्यामुळे हा बिघाड केवळ आकड्यांचा आहे असे मला क्षणभरही वाटले नाही.

लांबच्या खोल्यांत फरक जास्त आणि जवळच्या खोल्यांत कमी होता, यावरून कारणाचा पहिला अंदाज आला. आमचे पीटी-१०० सेन्सर विद्युत रोधावरून तापमान मोजतात आणि दोन तारांनी जोडलेले आहेत. एक अंशाला ०.३८५ ओहम असा हिशेब असल्यामुळे केबलचा अर्धा ओहम रोधही सव्वा अंशाहून अधिक चूक दाखवतो, आणि ती चूक नेहमी वरच्या बाजूलाच असते. ती वजा करण्यासाठी प्रत्येक सेन्सरचा ऑफसेट, म्हणजे वजा करायचा आकडा, फ्लॅशच्या पहिल्या सेक्टरमध्ये ठेवलेला आहे. तोच नाहीसा झाला असावा. दुपारी तीन वाजता जागेवर पोहोचून बोर्ड काढला, सोबत नेलेला दुसरा बोर्ड बसवला आणि जुना बोर्ड घेऊन परत निघालो.

१३ फेब्रुवारी

चिप बोर्डवरच ठेवून वाचली. कमांड ९एफ दिल्यावर ईएफ ४० १८ अशी ओळख मिळाली, म्हणजे चिप जिवंत आहे आणि तारा नीट आहेत. आमची मांडणी अशी आहे : ०००००० पासून एका सेक्टरमध्ये कॅलिब्रेशन (म्हणजे सगळे ऑफसेट), ०१०००० ते ०३एफएफएफएफ या भागात अडीअडचणीला वापरायचे राखीव फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम), आणि ०४०००० पासून शेवटपर्यंत तापमानाच्या नोंदी.

पहिल्या सेक्टरमध्ये कॅलिब्रेशनच्या जागी तापमानाच्या नोंदी सापडल्या. त्यातील पहिली नोंद पहाटे ३ वाजून १२ मिनिटांची होती. फर्मवेअरने तो सेक्टर रीतसर मिटवला होता, त्यावर दर मिनिटाला एक नोंद लिहिली होती आणि तो भरल्यावर पुढचा सेक्टर मिटवून काम चालूच ठेवले होते. सुरुवातीला ऑफसेट रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, वाचलेले असल्यामुळे आकडे बरोबर दिसत राहिले. ३ वाजून ४१ मिनिटांनी पुन्हा लाइट गेली, बोर्ड नव्याने सुरू झाला, त्याला ऑफसेट सापडले नाहीत आणि त्याने ते शून्य धरले. ऑफसेट नसताना गजर न करता शून्य धरणे ही माझ्याच प्रोग्राममधील चूक आहे आणि ती सर्वांत आधी दुरुस्त केली.

बोर्ड काढेपर्यंत नऊ सेक्टरवर लिहून झाले होते. नोंद ४८ बाइटची आहे, त्यामुळे एक सेक्टर भरायला सुमारे ८५ मिनिटे लागतात. या वेगाने मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास राखीव फर्मवेअर मिटायला सुरुवात झाली असती.

त्याच वाचनात दुसरे एक दुखणे हाती लागले. पहिल्या १६ नोंदींपैकी पहिली, सहावी आणि अकरावी अशा तीन नोंदींची बेरीज-तपासणी (मजकूर शाबूत आहे का हे पाहणारी बेरीज) चुकत होती, आणि पुढेही दर १६ नोंदींमागे हाच क्रम होता. पेज प्रोग्राम ही ०२ कमांड पेजची सीमा ओलांडत नाही. लिहिता लिहिता २५६ वा बाइट संपला की चिप त्याच पेजच्या आरंभाकडे वळते. ४८ बाइटच्या पाच नोंदी २४० बाइट घेतात. सहावीचे १६ बाइट जागेवर बसतात आणि उरलेले ३२ बाइट पहिल्या नोंदीच्या डोक्यावर जाऊन पडतात. फ्लॅशमध्ये लिहिताना बिट १ चा ० होतो, ० चा १ होत नाही, म्हणून तिथे जुन्या आणि नव्या बाइटमध्ये जे बिट दोन्हीकडे १ होते तेवढेच शिल्लक राहिले होते. दुसऱ्या पेजच्या शेवटी असेच १६ बाइट वळतात, तर तिसरे पेज नेमके सीमेवर संपते आणि स्वच्छ राहते. एवढे दिवस "क्वचित एखादी नोंद खराब येते" असे म्हणून आम्ही ज्याकडे दुर्लक्ष करत होतो, ते असे काटेकोर नियमाने घडत होते.

नोंद ६४ बाइटची केली. आता एका पेजमध्ये चार आणि एका सेक्टरमध्ये ६४ नोंदी नेमक्या बसतात. नोंदींसाठी ४,०३२ सेक्टर आहेत, म्हणजे २,५८,०४८ मिनिटांची, सुमारे १७९ दिवसांची साठवण. एक सेक्टर साधारण सहा महिन्यांत एकदाच मिटवला जाईल, आणि चिपची मर्यादा प्रत्येक सेक्टरला एक लाख वेळांची आहे. झिजेची चिंता करण्याचे कारण नाही.

१५ फेब्रुवारी

दिवसभर टेबलावरच्या पॉवर सप्लायने ५ व्होल्टच्या ओळीला १५० ते २५० मिलिसेकंदांचे झटके दिले आणि एसपीआयच्या चारही तारांवर लॉजिक अ‍ॅनालायझर लावून ठेवला. दुपारनंतर हवे ते सापडले. पडद्यावर आधी एकटा ०६, म्हणजे लिहिण्याची परवानगी, दिसला, चिप निवडणारी चिप-सिलेक्ट तार वर जाऊन पुन्हा खाली आली, आणि मग २० ०० ०० ००, म्हणजे शून्य पत्त्यावरचा सेक्टर मिटवण्याची कमांड. त्यानंतर ०५ ने चिपच्या स्थितीची विचारणा सुरू झाली आणि प्रत्येक वेळी उत्तर ०३ आले. ४७ मिलिसेकंदांनी ते ०० झाले. ०३ मध्ये खालचा बिट चिप कामात असल्याचा आणि त्यावरचा बिट लिहिण्याची परवानगी दिलेली असल्याचा असतो. काम संपले की चिप दोन्ही बिट स्वतःच खाली आणते. थोडक्यात, एक अगदी शिस्तशीर मिटवणी झाली, फक्त ती शून्य पत्त्यावर झाली.

म्हणजे प्रोग्राम सैरभैर झालेला नव्हता. "पुढचा सेक्टर कोणता" हा आकडा आम्ही रीसेटनंतरही टिकणाऱ्या रॅममध्ये ठेवला होता. व्होल्टेज अर्धवट खाली जाऊन वर आले की तो आकडा कधी कधी शून्य होत असे. तपासणीत वरची मर्यादा पाहिली जात होती, खालची नव्हती. त्यामुळे शून्य हा पत्ता वैध ठरला.

पूर्वी समांतर तारांच्या फ्लॅशवर काम केले तेव्हा एक कुलूप आपोआप मिळत असे. एएम२९एफ०४०बी या चिपमध्ये एक सेक्टर मिटवायला सहा वेळा लिहावे लागते. ५५५ पत्त्यावर एए, २एए वर ५५, ५५५ वर ८०, पुन्हा एए आणि ५५ ची तीच जोडी, आणि शेवटी त्या सेक्टरच्या पत्त्यावर ३०. तारांवरच्या गोंगाटातून असा क्रम जुळून येणे जवळजवळ अशक्य. एसपीआय चिपमध्ये तेच काम ०६ आणि २० या दोन व्यवहारांत होते. परंतु आजचा प्रसंग पाहता सहा पायऱ्यांनीही आपले रक्षण झाले नसते, कारण त्या पायऱ्या चढणारे फंक्शन आपलेच होते आणि त्याच्या हाती चुकीचा पत्ता होता. कमांडचा क्रम गोंगाटापासून वाचवतो. आपल्या स्वतःच्या चुकीच्या पत्त्यापासून वाचवायचे असेल तर चिपलाच तो पत्ता नाकारता आला पाहिजे.

हा आकडा रॅममध्ये ठेवणे बंद केले. बोर्ड सुरू होताना प्रत्येक सेक्टरमधील पहिल्या नोंदीचा अनुक्रमांक वाचून तो नव्याने ठरवला जातो.

१६ फेब्रुवारी

संरक्षणाचे दोन मार्ग या चिपमध्ये आहेत, आणि त्यांतील निवड तिसऱ्या स्टेटस रजिस्टरमधील (चिपची स्थिती आणि सेटिंग ठेवणाऱ्या छोट्या जागेतील) डब्ल्यूपीएस हा बिट करतो. तो १ केला तर प्रत्येक ६४ किलोबाइटच्या ब्लॉकला, तसेच पहिल्या आणि शेवटच्या ब्लॉकमधील प्रत्येक ४ किलोबाइटच्या सेक्टरला, स्वतंत्र कुलूप मिळते. ३६ ने ते लागते, ३९ ने उघडते, आणि वीज आल्यावर सगळी कुलुपे लागलेलीच असतात. हा मार्ग मला प्रथमदर्शनी फार आवडला होता, कारण ज्या ब्लॉकमध्ये लिहायचे आहे तेवढाच उघडावा आणि बाकी सारे बंद राहावे ही कल्पनाच सुंदर आहे. पण ९८ ही एकच कमांड सगळी कुलुपे एकदम उघडते, आणि तिला बाहेरच्या कोणत्याही पिनने अडवता येत नाही. कॅलिब्रेशन बोर्ड बसवताना एकदाच लिहिले जाते. त्याचे कुलूप रोज उघडझाप करण्याचे नको, जवळजवळ भिंतीसारखे हवे.

म्हणून दुसरा मार्ग घेतला. पहिल्या स्टेटस रजिस्टरमधील टीबी आणि बीपी हे बिट ठरवतात की चिपचा कोणता सलग भाग बंद राहील. टीबी १ असेल तर मोजणी खालच्या टोकाकडून होते, आणि बीपीचे तीन बिट ००१ असतील तर पहिले चार ब्लॉक, म्हणजे ०००००० ते ०३एफएफएफएफ हे २५६ किलोबाइट, बंद होतात. आमच्या मांडणीची सीमा नेमकी तीच आहे. रजिस्टरची किंमत २४.

२४ लिहिले, वाचून पाहिले, आणि मुद्दाम ०००००० वर सेक्टर मिटवण्याची कमांड दिली. सेक्टर शाबूत राहिला. पण जे दिसले ते नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. चिप एकदाही कामात असल्याचे दाखवत नाही, कोणताही त्रुटीचा बिट उभा करत नाही, आणि आमच्या फंक्शनला पहिल्याच विचारणीत "मोकळी आहे" असे उत्तर मिळाल्याने ते "मिटवले" असे कळवून मोकळे झाले. चिप नकार देते, पण तो सांगत नाही. आता मिटवल्यानंतर सेक्टर वाचून सर्वत्र एफएफ आहे की नाही हे पाहिले जाते, आणि लिहिल्यानंतर पेज परत वाचून जुळवले जाते. वाट पाहण्याची मर्यादाही ४५ मिलिसेकंद या सरासरी आकड्यावर नव्हे, तर डेटाशीटमधील ४०० मिलिसेकंद या कमाल आकड्यावर ठेवली.

१९ फेब्रुवारी

शुक्रवारी लावलेले संरक्षण आज सकाळी नव्हते. वीज बंद करून चालू केली की रजिस्टर ०० दाखवत होते. कारण शोधायला अर्धा तास लागला. स्टेटस रजिस्टर लिहिण्याआधी ०६ दिले तर बिट कायमचे लिहिले जातात. ५० दिले तर ते केवळ वीज असेपर्यंत टिकतात. चाचणीच्या जुन्या कोडमधून मी ५० असलेले फंक्शन उचलले होते. संरक्षणाची कोणतीही चाचणी वीज तोडून पुन्हा जोडल्याशिवाय पूर्ण मानायची नाही, असे चाचणीपत्रकात लिहून ठेवले.

उलट दिशेची सवयही टाळली. दर वेळी बोर्ड सुरू होताना ०६ देऊन रजिस्टर पुन्हा लिहिणे सोपे वाटते, पण त्या लिखाणाला १० ते १५ मिलिसेकंद लागतात, आणि लाइट जाते-येते ती नेमकी त्याच घटकेला. म्हणून आधी वाचायचे आणि किंमत वेगळी असेल तरच लिहायचे. वेगळी आढळली ही गोष्ट स्वतंत्र नोंद करण्याइतकी गंभीर मानायची.

एक बारकावाही नोंदवून ठेवते. या पिढीच्या चिपमध्ये स्टेटस रजिस्टर लिहिणाऱ्या ०१ कमांडने एकच बाइट लिहिला तर दुसरे रजिस्टर जसेच्या तसे राहते. आधीच्या पिढ्यांत मात्र त्याने दुसऱ्या रजिस्टरमधील सीएमपी आणि क्यूई हे बिट शून्य होत. सीएमपी हा बिट संरक्षित आणि मोकळा भाग यांची अदलाबदल करतो, त्यामुळे तो नकळत बदलला तर सगळे उलटे होईल. आमच्याकडे सीएमपी शून्यच आहे. पण हाच कोड जुन्या चिपवर कोणी चालवला तर अडचण येऊ नये म्हणून दोन्ही रजिस्टर लिहून परत वाचून घेतो.

२२ फेब्रुवारी

आता प्रश्न असा की, भटकलेला प्रोग्राम ०००००० मिटवू शकत नाही, पण तो ०६ आणि ०१ ०० देऊन संरक्षणच काढू शकतो. त्यासाठी रजिस्टरमधील सर्वांत वरचा एसआरपी बिट आणि चिपची डब्ल्यूपी पिन आहे. एसआरपी १ असताना ही पिन खाली ओढलेली असेल, तर स्टेटस रजिस्टर लिहिता येत नाही. पुष्कळांचा, आणि गेल्या आठवड्यापर्यंत माझाही, समज असा होता की डब्ल्यूपी पिन खाली केली की चिपमध्ये काहीच लिहिता येत नाही. तसे नाही. ती पिन मेमरीचे रक्षण करत नाही, मेमरीचे रक्षण करणाऱ्या बिटांचे रक्षण करते. बीपीचे बिट शून्य ठेवून पिन खाली ओढली, तर अख्खी चिप पूर्वीसारखीच उघडी राहते.

बोर्डवर ही पिन १० किलोओहमने ३.३ व्होल्टला ओढलेली होती. तो रोध काढला, पिन १० किलोओहमने जमिनीला जोडली, आणि गरज पडेल तेव्हा ती वर नेण्यासाठी एक जम्पर (काढता-घालता येणारी जोडणी) ठेवला. रजिस्टरमध्ये ए४ लिहिले, जम्पर काढला, मग ०० लिहून पाहिले. रजिस्टर ०० झाले. मल्टिमीटरने पिनवर शून्य व्होल्ट दिसत होते, सोल्डरही स्वच्छ होता, तरी ते होत होते.

उत्तर चिपच्या नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांत होते. आमच्याकडची चिप आयक्यू प्रकारची आहे. या प्रकारात क्यूई बिट कारखान्यातूनच कायमचा १ असतो, आणि क्यूई १ असताना डब्ल्यूपीची पिन चार तारांच्या वेगवान वाचनासाठी डेटाची तार म्हणून राखून ठेवलेली असते. मग ती खाली ओढा की वर, एसआरपीला तिचे काही देणेघेणे नसते. आयएम प्रकारात क्यूई सुरुवातीला ० असतो. आम्ही चार तारांचे वाचन वापरतच नाही. सुटे भाग मागवताना किमतीपलीकडे कोणी त्या दोन अक्षरांकडे पाहिले नव्हते. आयएम चिपची मागणी आज पाठवली.

२ मार्च

चिपा आल्या. पहिला बोर्ड सुरूच झाला नाही, कारण नव्या चिपची ओळख ईएफ ७० १८ आहे आणि आमचा प्रोग्राम ४० १८ चीच वाट पाहत होता. दोन्ही ओळखी स्वीकारण्याचा मोह टाळला. जिच्यावर हे संरक्षण चालतच नाही ती चिप बोर्डने नाकारलीच पाहिजे, म्हणून आता फक्त ७० १८ मान्य आहे.

जम्पर लावून ए४ लिहिले, जम्पर काढला, ०६ दिले, ०१ ०० दिले, ०५ ने वाचले : ए४. वीज तोडून जोडली : ए४. हे दोन बाइट पाहून जो आनंद झाला तो लिहून ठेवण्यासारखा आहे.

कारखान्यातील प्रोग्रामिंग जिगवर (चिपमध्ये मजकूर भरणाऱ्या साच्यावर) मात्र वेगळाच घोळ झाला. जिग आधी सी७ ने पूर्ण चिप मिटवते आणि मग प्रतिमा लिहिते. एरवी या कामाला ४० सेकंदांच्या आसपास लागतात. एकदा संरक्षित झालेला बोर्ड दुरुस्तीसाठी पुन्हा जिगवर ठेवला, तेव्हा ती पायरी क्षणात "यशस्वी" झाली. कोणताही भाग संरक्षित असेल तर पूर्ण चिप मिटवण्याची कमांड चिप अजिबात पाळत नाही, मोकळा भागसुद्धा मिटवत नाही, आणि नेहमीप्रमाणे काही सांगतही नाही. जिगमध्ये आता जम्पर तपासणे, रजिस्टर ०० करणे, ते वाचून खात्री करणे आणि मगच सी७, असा क्रम केला.

बोर्डचा अनुक्रमांक सिक्युरिटी रजिस्टर १ मध्ये, ००१००० या पत्त्यावर, ४२ कमांडने लिहिला आहे. त्याला एलबी१ बिटाचे कायमचे कुलूप लावता येते, आणि एकदा लावलेले ते पुन्हा कधीच निघत नाही. म्हणून ती पायरी सर्व तपासण्यांनंतर, बोर्ड डब्यात बंद करण्याच्या आधी ठेवली आहे.

५ मार्च

पाचशे झटके दिले. कॅलिब्रेशन आणि राखीव फर्मवेअर यांची बेरीज-तपासणी पाचशेही वेळा जुळली. नोंदींच्या भागात मात्र दोनदा सेक्टर अर्धवट मिटलेला सापडला, आणि ते संरक्षणाच्या कक्षेबाहेरचे आहे. बोर्डवर ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ५ व्होल्टवरून ३.६ पर्यंत उतरताना, ५५ मिलिअँपिअर प्रवाहाला तो सुमारे १२० मिलिसेकंद पुरतो. सरासरी ४५ मिलिसेकंदांच्या मिटवणीला तो पुरेसा आहे, कमाल ४०० ला नाही. तेवढ्यासाठी जवळजवळ १६,००० मायक्रोफॅरड लागतील आणि ते डब्यात मावत नाहीत.

अर्धवट मिटलेला सेक्टर कधी कधी वाचताना पूर्ण एफएफ दिसतो, पण त्यातील काही पेशी काठावर असतात आणि नंतर दगा देतात. केवळ वाचून त्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून मिटवणी सुरू करण्याआधी "हा सेक्टर मिटवत आहे" अशी खूण चालू सेक्टरच्या शेवटच्या पेजमध्ये राखलेल्या जागेत लिहिली जाते आणि मिटवणी तपासून झाल्यावर तिच्या शेजारी दुसरी खूण लिहिली जाते. बोर्ड सुरू होताना पहिली खूण आहे आणि दुसरी नाही असे आढळले, तर सेक्टर कसाही दिसो, तो पुन्हा मिटवला जातो. या खुणांनी शेवटच्या पेजमधील एका नोंदीची जागा घेतली, त्यामुळे सेक्टरमध्ये आता ६३ नोंदी बसतात आणि साठवण १७६ दिवसांवर आली. हा सौदा मला मान्य आहे.

९ मार्च

काल दुपारी शीतगृहात नवा बोर्ड बसवला. प्रत्येक सेन्सर बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवून ऑफसेट घेतले, जम्पर लावून आणि संरक्षण तेवढ्यापुरते काढून ते लिहिले, संरक्षण पुन्हा लावले, जम्पर काढून खिशात टाकला. रात्री पावणेबारा आणि सव्वाचार अशी दोनदा लाइट गेली. सकाळी ऑपरेटरने पडद्यावरील सेवा-पानाचा फोटो पाठवला. त्यात पहिले स्टेटस रजिस्टर ए४ आहे, कॅलिब्रेशनची बेरीज काल संध्याकाळी मी वहीत लिहून घेतली होती तीच आहे, आणि तीन नंबरच्या खोलीचे तापमान त्यांच्या हातातल्या थर्मामीटरशी जुळते.